गुरुवारच्या खोलीतली पाहुणी

दि. ६ जून

चि. पाहुणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन आला. सगळं छान आहे म्हणालीस, तेव्हाच ओळखलं की फारसं काही छान नाही. फोनवर माणूस खरं बोलत नाही. मीही बोलत नाही. म्हणून निघताना घातलेली अट पुन्हा बजावते: महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र, कागदावर, स्वतःच्या हाताने. तुझे बाबा म्हणतात, ताईला जुनीच खोड आहे, चालायचंच. मग चालू दे की!

तू रोज वर जातेस तो लोखंडी कठड्याचा जिना माझ्या पायांना अजून पाठ आहे. वर गेल्यावर डावीकडे जाड दाराची थंड खोली, तिच्यापलीकडे ते मोठे फ्रीझर, आणि टोकाला एक खिडकी, जिच्यातून समोरच्या इमारतीची फक्त पाठ दिसते. पहिल्या महिन्यात मी नमुने लावायच्या निमित्ताने थंड खोलीत जायची आणि रडून घ्यायची. रडायला त्याहून सोयीची जागा नाही. नाक लाल झालं तरी थंडीवर ढकलता येतं. तुला गरज पडलीच तर डावीकडच्या मांडणीमागे उभी राहा, दारातून दिसत नाही.

म्हातारबा भेटले का? मी त्यांच्या हाताखाली शिकले तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते, आणि तरीही मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबाच म्हणायची, कारण ते चालताना खोकायचे आणि प्रत्येक नळी उजेडाकडे धरून बघायचे. आपलं हॉस्पिटल आणि त्यांची प्रयोगशाळा यांची भागीदारी त्यांनीच सुरू केली. इकडच्या डॉक्टरांनी तिकडे जायचं, एचआयव्ही, क्षय अशा रोगांवर संशोधन कसं करायचं ते शिकायचं आणि परत येऊन इथल्या माणसांसाठी ते करायचं. त्या भागीदारीतली मी पहिली शिकाऊ. तू बहुतेक शेवटची, निदान कराराच्या कागदावर तरी तसंच दिसतं.

गुरुवारच्या खोलीतून सगळ्यांनी आशीर्वाद पाठवले आहेत. शिंपीण टाकामावशीने विचारलं की तिकडे तुला कुणी नाव ठेवलं की नाही. मी म्हटलं, आमच्याकडेच तिला नाव मिळालं नाही, तिकडे कुठलं मिळणार! आठवतं ना? एचआयव्ही झालाय हे कळू नये म्हणून त्या काळी लोक खरं नाव सांगत नसत, दारातूनच परत जात. मग आम्ही ठरवलं, या खोलीत प्रत्येकाने आपल्याला हवं ते नाव घ्यायचं, डॉक्टर आणि सिस्टरसुद्धा. रेडिओ, टाका, ब्रेक, मधली, साहेब. मी डास. शाळा सुटली की तू दप्तर घेऊन बाकावर येऊन बसायचीस आणि दर गुरुवारी नाव मागायचीस. साहेबांनी निकाल दिला की नाव इथे राहणाऱ्यालाच मिळतं, ही पोर मोठी होऊन जाणार, तेव्हा ही पाहुणी. पाहुणीला चहा आयता मिळायचा, करायला मिळायचा नाही. चहा करण्याची पाळी फक्त नाववाल्यांची. त्यावरून तू किती फुगून बसायचीस!

तब्येतीला जप. बाबांना वेगळं पत्र लिही, नाहीतर ते माझं वाचतात आणि वर चुका काढतात. माया आहेच, ती तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी
आत्या


दि. २० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डावीकडच्या मांडणीमागे उभं राहिलं तर दारातून दिसत नाही, हे खरं, पण दारातून आत आलेल्या माणसाला डब्यांच्या फटीतून स्वच्छ दिसतं. म्हातारबांनी मला पकडलं. खिशातून रुमाल काढून दिला, दोन डबे उचलले आणि निघून गेले. नंतर चहाच्या वेळी म्हणाले की तुझी आत्याही तिथेच उभी राहायची, आणि तिला वाटायचं कुणाला माहीत नाही. तेव्हा आता एवढ्या वर्षांनी तुझं बिंग फुटलं आहे.

ते निवृत्त झाले आहेत, पण रोज येतात. खोकला तसाच आहे. जिन्याच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या शिकाऊ मंडळींचे फोटो ओळीने लावले आहेत. पहिला तुझा. एवढा मोठा चष्मा, आणि फोटो काढणाऱ्यावर वसकन ओरडशील असा चेहरा. मी रोज जाता-येता तुला नमस्कार करते.

आम्ही चौघं शिकाऊ, चार देशांचे. त्यातली एक नर्स आहे, ती काम करताना सतत गुणगुणते. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. तिला झोपेतही सूर लागतो, म्हणून मी तिचं नाव भुंगा ठेवलं आहे. पहिले काही आठवडे आम्हाला रक्ताला हातच लावू दिला नाही. लाल-निळं पाणी या नळीतून त्या नळीत, थेंब न सांडता. माझा अंगठा असा दुखायचा की रात्री भाताचा घास घेताना चमचा गळून पडायचा. तुलाही हेच करायला लावलं होतं का? तू कधी बोलली नाहीस.

एक गंमत सांगते. माणसांची संमती कशी घ्यायची याचा आमचा वर्ग असतो. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने संशोधक. सगळे टेबलापलीकडे बसून छापील कागद वाचून दाखवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी काही विचार न करता कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि पेशंटच्या समोर, त्याच्यापेक्षा खाली बसले. वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की हे कुठे शिकलीस. हे कुठे शिकायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. तू तशीच बसायचीस. मला वाटायचं सगळे डॉक्टर तसेच बसतात. बाईंनी मग सगळ्यांना स्टुलावर बसायला लावलं. त्या दिवशी मला गुरुवारच्या खोलीची इतकी आठवण आली की संध्याकाळी भुंग्याला सगळ्यांची नावं सांगत बसले. तिला साहेब सगळ्यात आवडले. ते माझे पाढे तपासायचे आणि चुकलं की चष्म्यावरून बघायचे, ते सांगितलं.

स्टोव्हची वात बदललीस का? मागे फार धूर करत होता. सगळ्यांना माझे नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा पुरत नाही, थोडा वाढव.

तुझी
पाहुणी


दि. ९ सप्टेंबर

चि. पाहुणी हिस,
अनेक आशीर्वाद.

म्हातारबांना सांग की त्यांच्यावर माझा राग आहे. इतकी वर्षं माहीत असून चकार शब्द काढला नाही! तसा रुमाल मलाही एकदा फ्रीझरच्या दांड्याला बांधलेला सापडला होता. मला वाटलं कुणी विसरलं असेल, आणि मी तो धुऊन परत तिथेच बांधून ठेवला. काय म्हणावं या बाईला!

लाल-निळं पाणी मीही केलंय. अंगठ्याला कोमट पाण्याचा शेक दे.

आता एक बातमी. तुला उगीच दुसरीकडून कळायला नको म्हणून मीच सांगते. गुरुवारची खोली वर्षअखेर बंद होणार. मीही त्याच सुमाराला निवृत्त होते आहे, आणि माझ्या जागी तिथे बसायला कुणी नाही. नवे अधीक्षक तरुण आहेत, नम्र आहेत, त्यांच्याशी भांडायलाही मजा येत नाही. त्यांचं म्हणणं, हा आता मधुमेहासारखा आजार झाला, गोळी घ्यावी आणि ठणठणीत राहावं, मग वेगळी खोली कशाला. सगळ्यांनी खालच्या मोठ्या हॉलमध्ये यावं. तिथे पडद्यावर पूर्ण नाव झळकतं आणि भोंग्यातून पुकारलं जातं.

त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते अर्धं बरोबर व्हावं म्हणून मीच उभा जन्म घालवला. पण ब्रेकला तू ओळखतेस. एवढा ट्रक चालवलेला माणूस, पण जावयांना अजून सांगितलेलं नाही. त्याचं पूर्ण नाव भोंग्यातून पुकारलं गेलं तर तो त्या दिवसापासून यायचा बंद होईल. यायचा बंद झाला की गोळ्या बंद, आणि पुढचं तुला शिकवायला नको. मधलीचंही तेच. तिने मला स्पष्ट सांगितलं की हॉलमध्ये ती पाऊल ठेवणार नाही. मी दोघांनाही समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले.

हे तुला मन हलकं करायला लिहिलं, तू काही करावंस म्हणून नाही. नीट वाच, पुन्हा वाच. तुझं शिक्षण तिकडे चालू आहे, तिकडेच लक्ष दे. स्टोव्हची वात बदलली. आता धूर करत नाही, नुसता कुरकुरतो.

ममता असू दे, आणि पत्रात तब्येतीबद्दल खरं लिही.

तुझी
आत्या


दि. १४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तू सांगितलंस म्हणून. तिसऱ्यांदा वाचलं ते माझ्या मनाने. खोली बंद होणार हे माझ्या कल्पनेतही बसत नाही. तो भिंतीचा पोपटी रंग, बाकाचा डुगडुगता पाय, खाली घातलेली पुठ्ठ्याची घडी. मला वाटायचं मी म्हातारी होऊन परत येईन तरी ती घडी तिथेच असेल.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आनंदाची. मला इथे कायमची जागा देऊ केली आहे. स्वतःचं टेबल, स्वतःचं काम, मदतीला दोन माणसं. वर्षअखेरपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ताईला विचार. म्हणून विचारते आहे.

दुसरी गोष्ट आनंदाची की कसली ते तूच ठरव. इथले जुने फ्रीझर बदलायचे आहेत. आतले डबे काढायचे, नोंद बघायची, नको ते टाकून द्यायचे. त्यात सगळ्यात खालच्या खणात एक डबा निघाला. झाकणावर म्हातारबांच्या अक्षरात त्यांच्या भाषेत लिहिलं होतं: वाचता येत नाही, टाकू नका. इतकी वर्षं प्रत्येकाने ते वाचलं आणि डबा परत ठेवून दिला. मी तो सुक्या बर्फावर ठेवून उघडला. आत्या, आतल्या प्रत्येक नळीवर तुझं अक्षर. आपल्या लिपीत. रेडिओ. कंदील. मधली. पोस्टमन. टाका. दोन जावा. ब्रेक. मला मोठ्याने वाचताना ऐकून सगळी प्रयोगशाळा भोवती गोळा झाली. भुंगा गुणगुणायची थांबली.

आणि मग साहेब निघाले.

मी पहिलीत होते तेव्हा ते यायचे बंद झाले. तू मला सांगितलंस की साहेबांची बदली झाली. आमच्या घरात बाबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, त्यापायीच तर मी तुझ्याकडे राहायला होते, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं, ते कुठल्यातरी दुसऱ्या गावात कुणाचे तरी पाढे तपासत असतील. मोठी झाल्यावर उमगलं. पण त्या नळीवर त्यांचं नाव वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, की त्यांची बदली इथे झाली होती, आणि मला कुणी सांगितलं नाही.

म्हातारबांना मी अर्थ सांगत गेले. ते म्हणाले, औषधं यायच्या आधीचं हे रक्त आहे, आणि यातली काही माणसं औषध नसतानाही वर्षानुवर्षं टिकली. त्यांच्या रक्तात असं काय होतं हे कळलं तर पुष्कळ काही कळेल. असा डबा दुसऱ्या कुठे नाही. पण हा डबा इथे असा कसा आला ते विचारलं, तर म्हणाले, आत्यालाच विचार. नळ्यांवर आकडे का नाहीत?

उत्तर लवकर पाठव. तुझ्या आशीर्वादावरच माझं इथलं सगळं चालतं.

तुझी
पाहुणी


दि. ३० ऑक्टोबर

चि. पाहुणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तो डबा! मला वाटलं होतं केव्हाच कचऱ्यात गेला असेल.

आता ऐक आणि हस. तिकडून शिकून आले, खोली सुरू केली आणि पहिले नमुने पाठवायची वेळ आली. मी तोऱ्यात होते. नळीवर आकडा लिहायचा, आणि कोणत्या नावाला कोणता आकडा ते आपल्याजवळ ठेवायचं, एवढं साधं काम. पण आमच्या खोलीत कुणीच आकडा नव्हतं ना! मी एकेकाचं रक्त घेतलं, समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि नळीवर त्याचं नाव लिहिलं. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. डबा बंद केला, पाठवला, आणि आकड्यांच्या चिकटपट्ट्या माझ्या टेबलावर जशाच्या तशा. आठवड्याने म्हातारबांचा निरोप आला की नमुने सुखरूप आहेत, पण ही माणसं कोण ते कळत नाही, आणि अंदाजाने ठरवणं त्यांना मंजूर नाही. मग काय, सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि पुन्हा सुया टोचल्या. तेव्हापासून मी डास. तोवर मला या खोलीत डॉक्टरबाईच म्हणत, मी नाव घेतलंच नव्हतं.

त्यातले कंदील, पोस्टमन, दोघी जावा, सगळे गेले. टाका, रेडिओ, ब्रेक आणि मधली अजून दर गुरुवारी येतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. टाकाने तर औषधाशिवाय इतकी वर्षं काढली की आम्हीच चक्रावलो होतो. साहेबांच्या बदलीबद्दल म्हणशील, तर मी माफी मागणार नाही. पहिलीतल्या पोरीला आणखी काय सांगायचं असतं? तोंडाला आलं ते बोलले, आणि मग तू इतक्या सहज मान डोलावलीस की मलाच आत जाऊन तोंड धुवावं लागलं.

आता जागेचं. घे. विचारायचं काय त्यात? म्हातारबांनी मलाही पुन्हा बोलावलं होतं, कायमचं. तू तेव्हा दुसरीत होतीस. तुझी शाळा, तुझे बाबा लांब, म्हणून मी राहिले. तुझ्या पायात तसलं काही नाही, तेव्हा मागे वळून बघायचं कारण नाही. खोलीचं जे व्हायचं ते होईल. एका खोलीपायी माणसाने आपलं पुढचं आयुष्य अडवून ठेवू नये. हे मी तुझी आत्या म्हणून सांगते आणि डॉक्टर म्हणूनही सांगते. आज्ञाच समज.

आनंद झाला, फार झाला. प्रेम आहे तसंच राहो.

तुझी
आत्या


दि. ११ नोव्हेंबर

चि. पाहुणीला टाकामावशीचे खूप आशीर्वाद.

माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, कापड कापल्यासारखं. तरी बसले लिहायला. डासबाईंना हे पत्र माहीत नाही, आणि तू सांगायचं नाहीस.

तुझं पत्र बाईंनी खोलीत वाचून दाखवलं. डब्यात आमची नावं निघाली ते ऐकून रेडिओ ढसाढसा रडली आणि मग दिवसभर बोलत राहिली, कुणाला बोलू दिलं नाही. बाईंनी आम्हाला सांगितलं की पाहुणी तिकडेच राहणार, चांगली जागा मिळाली, सगळ्यांनी आनंद करा. आम्ही केला. पण त्यानंतर बाई दोन गुरुवार आल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला माझ्याशिवाय बसायची सवय व्हायला हवी. आता मला सांग, आम्ही काय तान्ही मुलं आहोत, दूध तोडायला?

बाईंनी तुला सांगितलंय की त्या तुझ्या शाळेसाठी राहिल्या. मला हे पटत नाही आणि तुझ्या डोक्यावर ते ओझं राहू नये म्हणून लिहिते. खरं तर, तुझी शाळा तिकडे बघायचंही ठरलं होतं. तुझे बाबा तयार होते, बाईंची पेटी भरलेली होती. शेवटच्या गुरुवारी त्या सगळं सोपवायला आल्या. तेव्हा चहाची पाळी मधलीची होती. तिने सगळ्यांचा चहा ओतला आणि बाईंच्या पुढे बशीत कप ठेवला, पाहुण्यांना ठेवतात तसा. बाई त्या कपाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, कप उचलला, चहा परत पातेल्यात ओतला आणि म्हणाल्या की हा फार पांचट झालाय, मीच करते. आणि पुन्हा पाणी ठेवलं. पेटी घरी जाऊन रिकामी केली. एवढंच झालं. तुझी शाळा वगैरे नंतर आली, लोकांना सांगायला. बाईंना ती खोली आवडायची म्हणून त्या राहिल्या.

मी तुला ये म्हणत नाही. राहा म्हणत नाही. मापं घेतल्याशिवाय मी कधी कापड कापलं नाही, तू पण आपलं माप घे आणि मग ठरव. थंडीचे कपडे नीट घाल. तुझा निळा स्वेटर मी विणलेला आहे, तो घरच्या साबणानेच धू.

मायेची
टाकामावशी


दि. २८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी नकार कळवला. जागेला नाही म्हणाले.

थांब, पत्र फाडू नकोस, पुढे वाच. तुझी आज्ञा मोडली हे कबूल. तू राहिलीस ते माझ्या शाळेसाठी, हे मी लहानपणापासून मनात धरून बसले होते. परीक्षेत पहिली आले तरी वाटायचं, आत्याने एवढं सोडलं त्या मानाने हे काहीच नाही. आता मला कुणीतरी सांगितलं आहे की ते तसं नव्हतं. कोणी ते विचारू नकोस, मी शब्द दिला आहे. पण माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला, आणि ओझं उतरल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं की मला काय हवं आहे. तर आत्या, साहेबांची नळी हातात आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. मला ते काम करायचं आहे, आणि ते तिथे बसूनच करायचं आहे.

मी म्हातारबांना विचारलं की डबा उघडून तपासण्या करायच्या तर परवानगी कुणाची. ते म्हणाले, जी चार माणसं आहेत त्यांची, आणि जी गेली त्यांच्या वतीने त्यांना ओळखणाऱ्यांची. त्यांनी सुचवलं की टपालाने कागद पाठव, सह्या मागव आणि इथून काम चालू कर. मी म्हटलं की आमच्या खोलीत असं चालत नाही. तिथे बुटक्या स्टुलावर बसून, समोरच्याचा चहा संपेपर्यंत थांबून विचारतात. तो नाही म्हणाला तर पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच विषयावर बोलतात. म्हातारबा खोकेपर्यंत हसले. म्हणाले, तुझी आत्या शब्दशः हेच म्हणाली असती, फक्त जास्त ओरडून.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. भागीदारीचा पुढचा भाग गुरुवारच्या खोलीतून चालवायचा. आजवर आपण इकडे शिकायला आलो, आता यांची मुलं तिकडे येतील, माणसांना विचारायचं कसं ते शिकायला. मी तिथे असेन. पहिल्या तुकडीबरोबर भुंगाही येणार आहे. म्हातारबांनी आपल्या अधीक्षकांना तसं पत्र पाठवलं आहे. ते हो म्हणतील की नाही ठाऊक नाही. नाही म्हणाले तर मी हॉलच्या बाहेर स्टूल टाकून बसेन, पण ब्रेकचं नाव भोंग्यातून जाऊ देणार नाही.

जानेवारीत येते. भिंतीवरच्या तुझ्या फोटोला आज सांगितलं, तेव्हाही तू तशीच वसकन ओरडशील अशी दिसत होतीस. रागावलीस तरी चालेल, फक्त अबोला धरू नकोस.

तुझीच
पाहुणी


दि. १९ डिसेंबर

चि. . . . . . . हिस,
अनेक आशीर्वाद.

नावाची जागा मोकळी का सोडली ते शेवटी सांगते.

आधी राग. गाढवपणा केलास. मी आज्ञा म्हटलं होतं, विनंती म्हटलं नव्हतं. तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं मला चक्कर आली, एकाने पाणी आणून दिलं. मी त्या भल्या माणसाला काय सांगणार, की मला आनंद झाला आहे आणि उठवत नाही! तुझे बाबा फोनवर म्हणाले, ताई, तूच वाढवलीस, आता भोग. हसत होते.

आणि टाकाने पत्र लिहिलं हे मला कळलं आहे. गुरुवारी तिने माझी नजर चुकवली, तेवढं पुरे होतं. तिने सांगितलं ते खरं आहे. चहा मात्र खरोखरच पांचट होता.

अधीक्षक स्वतः खोलीत आले, म्हातारबांचं पत्र हातात घेऊन. मी इतके महिने जे तोंडाने सांगत होते तेच त्या पत्रात होतं, पण शिक्का पडला की शब्दाला वजन येतं, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार. त्यांनी सांगितलं की खोली राहील, पण अर्धीच. अर्ध्या भागात चाकांच्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. ब्रेकने लगेच उठून मधल्या आडोशासाठी माप घेतलं. डुगडुगता बाक आपल्या बाजूला आला आहे, पुठ्ठ्याची घडी त्याच्याखालीच आहे. अधीक्षकांनाही आम्ही चहा दिला, बशीत, पाहुण्यांना देतात तसा.

डब्यातली सगळी नावं मी खोलीत एकेक करून वाचली. रेडिओ गप्प बसली, असं याआधी कधी झालं नव्हतं. चौघं म्हणतात की त्यांची ना नाही, पण तू स्टुलावर बसून विचारल्यावरच ती हो म्हणणार, आधी नाही. गेलेल्यांच्या वतीने मधली बोलली. तिचं म्हणणं, साहेब हो म्हणाले असते, एका अटीवर. जे काही छापून येईल त्यात त्यांना साहेबच म्हणायचं, आकडा लावायचा नाही. बाहेर उभ्या आयुष्यात त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही म्हणून तर त्यांनी ते नाव घेतलं होतं. हे तुला माहीत नव्हतं ना? मलाही त्यांनी फार उशिरा सांगितलं.

आता नावाचं. नाव इथे राहणाऱ्यालाच मिळतं, हा साहेबांचा नियम. तेव्हा पाहुणी हे नाव खोलीने एकमताने परत घेतलं आहे. तू येशील त्या गुरुवारी दारात उभी राहा आणि नवं नाव स्वतः सांग. रेडिओने सुचवायला सुरुवात केली होती, तिला आम्ही आवरलं. तोवर पत्रात जागा मोकळीच राहील.

त्या दिवशी चहाची पाळी तुझी. स्टोव्हजवळ कुणी फिरकणार नाही, तसं ठरलं आहे. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर आहेत, तुझा हात आता पोचतो. मी तोवर निवृत्त झालेली असेन, म्हणून बाकाच्या टोकाला, तू दप्तर घेऊन बसायचीस तिथे, बसून राहीन. तू माझ्यापुढे बशीत कप ठेवशील तेव्हा मी तो परत ओतणार नाही. कसाही झाला तरी पिईन. फक्त साखर कमी घाल.

माया आहे ती आता पाठवत बसत नाही, इथेच ठेवली आहे, येऊन घे.

तुझी आत्या,
यापुढे खोलीतली
पाहुणी